सिलिकॉनला न जमणारे काम: आर्सेनिक आणि टेल्युरियमचे अर्धवाहक

दूरचित्रवाणीच्या रिमोटच्या टोकाला बसवलेला बारीक दिवा बटण दाबताच लागतो, पण डोळ्यांना तो कधीच लागलेला दिसत नाही. तोच दिवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिला, तर बहुतेक वेळा पडद्यावर एक फिकट जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. या साध्या निरीक्षणात एक कोडे आहे. रिमोटच्या आतली चिप सिलिकॉनची असते, संचात बसवलेला, संदेश टिपणारा संवेदक सिलिकॉनचा असतो आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा तुकडाही सिलिकॉनचाच असतो. मात्र प्रकाश देणारा तो दिवा सिलिकॉनचा नसतो. इलेक्ट्रॉनिकीचे जवळजवळ सगळे राज्य ज्या मूलद्रव्याच्या ताब्यात आहे, त्याला प्रकाश ओळखता येतो पण कामापुरता प्रकाश देता येत नाही, आणि म्हणून त्या दिव्यात गॅलियम आर्सेनाइड किंवा त्याच्या जवळच्या नात्यातले एखादे संयुग वापरावे लागते. त्यातले आर्सेनिक म्हणजे ज्याचे ऑक्साइड सोमल या नावाने विष म्हणून कुप्रसिद्ध आहे, तेच मूलद्रव्य. आवर्तसारणीत त्याच्या पुढच्या गटात, एक ओळ खाली, टेल्युरियम नावाचे फारसे कोणाला माहीत नसलेले मूलद्रव्य आहे, आणि त्याची संयुगेही सिलिकॉनला न जमणारी कामे करतात. ती कामे कोणती आणि ती या दोघांनाच का जमतात, याचे उत्तर स्फटिकाच्या आत इलेक्ट्रॉनांची वाटणी कशी होते यात आहे.

चाराचा मेळ

सिलिकॉनच्या अणूच्या बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात आणि प्रत्येक अणू आपल्या चार शेजाऱ्यांशी एकेक बंध जोडतो. असे अब्जावधी अणू नेमक्या अंतरावर जोडले गेले की स्फटिक तयार होतो. गॅलियमकडे बाहेरचे इलेक्ट्रॉन तीन आणि आर्सेनिककडे पाच असतात. दोघे एकास एक या प्रमाणात एकत्र आले, की दोन अणूंमागे आठ म्हणजे सरासरी चारच इलेक्ट्रॉन होतात, आणि सिलिकॉनसारखाच सांगाडा उभा राहतो. कॅडमियमकडे दोन आणि टेल्युरियमकडे सहा असल्याने त्यांचीही बेरीज आठच भरते. सीमेन्स कंपनीतील जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख वेल्कर यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी तीन आणि पाच इलेक्ट्रॉन असलेल्या मूलद्रव्यांच्या जोड्या पद्धतशीरपणे तपासून, त्या अर्धवाहक असतात हे दाखवून दिले, आणि निसर्गात तयार न मिळणारे अर्धवाहक हिशेब करून घडवता येतात हा विचार तेव्हापासून रुजला.

या हिशेबातली एक गोष्ट विशेष लक्ष देण्याजोगी आहे. गॅलियमचा अणुक्रमांक ३१ आणि आर्सेनिकचा ३३, म्हणजे दोघे जर्मेनियमच्या ३२ या स्थानाच्या दोन्ही बाजूंना बसलेले आहेत. कॅडमियम ४८ आणि टेल्युरियम ५२ असल्याने त्यांच्या बरोबर मध्ये ५० क्रमांकाचे कथील येते. गॅलियम आर्सेनाइडमध्ये इलेक्ट्रॉनांची एकूण संख्या जर्मेनियमइतकीच असते, सांगाडाही तसाच असतो, पण आर्सेनिकचा अणू इलेक्ट्रॉनांना गॅलियमपेक्षा अधिक जोराने स्वतःकडे ओढत असल्यामुळे वाटणी असमान होते आणि बंधातले इलेक्ट्रॉन अधिक घट्ट धरले जातात. बंधातला इलेक्ट्रॉन सुटा करून स्फटिकभर फिरता ठेवण्यासाठी जी किमान ऊर्जा द्यावी लागते, तिला ऊर्जा-अंतर म्हणतात आणि ती इलेक्ट्रॉन व्होल्ट या अगदी लहान एककात मोजतात. जर्मेनियमचे ऊर्जा-अंतर सुमारे ०.६७ आहे, तर गॅलियम आर्सेनाइडचे १.४२. कथिलाच्या बाबतीत हा फरक आणखी ठळक आहे: करड्या कथिलाचे ऊर्जा-अंतर जवळजवळ शून्य आहे आणि त्याच्याच दोन्ही बाजूंच्या मूलद्रव्यांपासून बनलेल्या कॅडमियम टेल्युराइडचे मात्र सुमारे १.५ आहे. सिलिकॉनचे १.१२ हे अंतर आहे तसे स्वीकारावे लागते. संयुगांच्या बाबतीत ते अंतर निवडता येते, आणि पुढे सांगितलेले बहुतेक सगळे उपयोग या एका सवलतीतून निघालेले आहेत.

माळ्यावरून खाली येण्याचे दोन मार्ग

ऊर्जा-अंतर समजून घेण्यासाठी जुन्या घरातल्या माळ्याची कल्पना उपयोगी पडते. खालची खोली म्हणजे बंधात अडकलेल्या इलेक्ट्रॉनांची जागा, माळा म्हणजे सुट्या इलेक्ट्रॉनांची जागा, आणि या दोहोंमधल्या उंचीत कोणालाही थांबता येत नाही. ऊर्जा मिळाली की इलेक्ट्रॉन माळ्यावर चढतो आणि खाली त्याची जागा रिकामी राहते. तो पुन्हा खाली आला, की उंचीइतकी ऊर्जा बाहेर टाकतो. ही ऊर्जा प्रकाशाच्या एका कणाच्या, म्हणजे फोटॉनच्या, रूपाने बाहेर पडली तर दिवा लागला असे म्हणायचे. गॅलियम आर्सेनाइडमध्ये माळ्यावरचा इलेक्ट्रॉन जिथे उभा असतो, त्याच्या बरोबर खाली रिकामी जागा असते, त्यामुळे तो सरळ खाली येतो आणि फोटॉन सुटतो. सिलिकॉनमध्ये रिकामी जागा खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात असते. तिथे पोहोचायला इलेक्ट्रॉनला बाजूने धक्का मिळावा लागतो. हा धक्का म्हणजे संवेगातला बदल. फोटॉनजवळ ऊर्जा भरपूर असली तरी संवेग नगण्य असतो, म्हणून तो धक्का स्फटिकातल्या अणूंच्या कंपनांकडूनच मिळवावा लागतो, आणि इलेक्ट्रॉन, रिकामी जागा व योग्य कंपन या तिघांची गाठ पडेपर्यंत बहुतेक इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या दोषांच्या मार्गाने खाली उतरून आपली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने घालवून बसतात. पहिल्या प्रकाराला थेट ऊर्जा-अंतर आणि दुसऱ्याला अप्रत्यक्ष ऊर्जा-अंतर म्हणतात.

प्रकाश शोषण्याच्या बाबतीत मात्र सिलिकॉनची अडचण निभावून नेता येते, कारण तुकडा पुरेसा जाड घेतला की आत शिरलेल्या फोटॉनला कुठे ना कुठे शोषले जाण्याची संधी मिळतेच. म्हणूनच रिमोटचा संदेश वाचायला सिलिकॉन चालतो आणि पाठवायला चालत नाही. कॅडमियम टेल्युराइडचे अंतरही थेट आहे, आणि सौर पटलांच्या बाबतीत ही गोष्ट निर्णायक ठरते.

चौकट: ऊर्जा-अंतरावरून रंग कसा ओळखावा

१.२४ या संख्येला ऊर्जा-अंतराने भागले, की मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजलेली तरंगलांबी मिळते. गॅलियम आर्सेनाइडसाठी हे उत्तर सुमारे ०.८७ मायक्रॉन येते. डोळ्याची मर्यादा साधारण ०.७ मायक्रॉनला संपत असल्याने हा प्रकाश अवरक्त, म्हणजे तांबड्याच्या पलीकडचा, ठरतो. सिलिकॉनसाठी उत्तर १.१ मायक्रॉन येते आणि त्याहून लांब तरंगांसाठी सिलिकॉन काचेसारखा पारदर्शक असतो. इंडियम आर्सेनाइडचे अंतर सुमारे ०.३५ असल्याने त्याची मर्यादा साडेतीन मायक्रॉनपर्यंत जाते. एखाद्या संयुगाचे अंतर ०.१ इतके कमी करता आले, तर ते १२ मायक्रॉनपर्यंतचा, म्हणजे माणसाच्या अंगातून सतत बाहेर पडणारा, उष्णतेचा प्रकाश टिपू शकते.

थरांची करामत

१९६२ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या रॉबर्ट हॉल यांनी गॅलियम आर्सेनाइडपासून पहिला अर्धवाहक लेसर चालवून दाखवला, आणि त्याच वर्षी त्याच कंपनीतल्या निक होलोन्याक यांनी आर्सेनिकच्या काही अणूंच्या जागी फॉस्फरस घालून डोळ्यांना दिसणारा तांबडा प्रकाश मिळवला. हॉल यांच्या लेसरला द्रवरूप नायट्रोजनने उणे १९६ अंशांपर्यंत थंड ठेवावे लागे आणि तरीही तो क्षणभराच्या झटक्यांनीच चालत असे. नेहमीच्या तापमानाला इलेक्ट्रॉन इकडेतिकडे पसरत आणि लेसरला लागणारी गर्दी एका ठिकाणी जमतच नसे.

यावरचा उपाय आर्सेनिकच्याच दुसऱ्या एका संयुगाने पुरवला. ॲल्युमिनियम आर्सेनाइड आणि गॅलियम आर्सेनाइड यांच्या स्फटिकांतले अणूंमधले अंतर जवळजवळ सारखे आहे, फरक हजारात एक-दीड इतकाच पडतो. त्यामुळे एकावर दुसऱ्याचा थर वाढवला तरी सांध्यावर अणूंची ओळ मोडत नाही. ॲल्युमिनियम घातले की ऊर्जा-अंतर मात्र वाढते. मग गॅलियम आर्सेनाइडचा अतिशय पातळ थर मध्ये ठेवून दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम मिसळलेले थर लावले, की मधल्या थरात आलेल्या इलेक्ट्रॉनांना दोन्हीकडे ऊर्जेची भिंत लागते आणि ते तिथेच कोंडले जातात. बाहेरच्या थरांचा अपवर्तनांक कमी असल्याने प्रकाशही त्याच थरात अडकतो. ही कल्पना हर्बर्ट क्रोमर आणि झोरेस अल्फेरोव्ह यांनी १९६३ साली स्वतंत्रपणे मांडली होती. १९७० साली लेनिनग्राडच्या योफे संस्थेत अल्फेरोव्ह यांच्या गटाने आणि त्यानंतर लगेचच अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत हायाशी व पॅनिश यांनी साध्या तापमानाला अखंड चालणारा लेसर तयार केला. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवरची गाणी वाचणारा ७८० नॅनोमीटरचा लेसर याच थरांचा होता, आणि अल्फेरोव्ह व क्रोमर यांना २००० सालच्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा वाटा मिळाला. आजच्या अनेक मोबाइलमध्ये चेहरा ओळखण्यासाठी अदृश्य ठिपके टाकणारे बारीक लेसरही गॅलियम आर्सेनाइडवरच वाढवलेले असतात.

थरांच्या सांध्याचा दुसरा उपयोग प्रकाशाशी नव्हे तर वेगाशी संबंधित आहे. गॅलियम आर्सेनाइडमधला इलेक्ट्रॉन सिलिकॉनमधल्यापेक्षा सुमारे सहापट सहजतेने सरकतो. त्याला आणखी मोकळी वाट देण्यासाठी जपानच्या फुजित्सू कंपनीतले ताकाशी मिमुरा यांनी १९८० साली असा ट्रान्झिस्टर बनवला, की ज्यात इलेक्ट्रॉन पुरवणारी अशुद्धी ॲल्युमिनियम असलेल्या थरात राहते आणि इलेक्ट्रॉन मात्र शेजारच्या शुद्ध गॅलियम आर्सेनाइडमधून धावतात, त्यामुळे अशुद्धीच्या अणूंवर आदळून त्यांचा वेग मोडत नाही. असे ट्रान्झिस्टर फारच कमी गोंगाट करतात, म्हणून १९८५ साली ते जपानच्या नोबेयामा रेडिओ दुर्बिणीवर पोहोचले आणि नंतर घराघरांच्या छपरांवरच्या डिशच्या टोकाला, उपग्रहाकडून येणारा अतिक्षीण संदेश प्रथम हाती घेणाऱ्या डबीत, येऊन बसले. मोबाइलमधून टॉवरकडे संदेश ढकलणारा विवर्धकही अनेकदा गॅलियम आर्सेनाइडचा असतो. एवढे गुण असूनही संगणकाचे प्रोसेसर या पदार्थाचे का होत नाहीत, याचे उत्तर सिलिकॉनच्या ऑक्साइडमध्ये आहे: सिलिकॉन तापवला की त्याच्यावर काचेचा निर्दोष विद्युत्‌रोधक थर आपोआप चढतो, गॅलियम आर्सेनाइडला असा थर मिळत नाही, शिवाय हा पदार्थ ठिसूळ आणि महाग आहे.

गाळातून आलेले मूलद्रव्य

टेल्युरियमचा शोध १७८२ साली ट्रान्सिल्व्हेनियातल्या सोन्याच्या खनिजात म्युलर फॉन रायखेनश्टाइन यांना लागला आणि १७९८ साली मार्टिन क्लाप्रोट यांनी त्याला पृथ्वी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून नाव दिले. मात्र पृथ्वीच्या कवचात हे मूलद्रव्य सोन्याहूनही विरळ आहे. त्याची स्वतंत्र खाण जवळजवळ कुठेच चालत नाही. तांबे शुद्ध करताना अशुद्ध तांब्याची पाटी आम्लाच्या द्रावणात टांगून वीज सोडतात, तेव्हा तांबे विरघळून दुसऱ्या पाटीवर चढते आणि जे विरघळत नाही ते टाकीच्या तळाशी गाळ होऊन साचते. या गाळात सोने, चांदी, सेलेनियम आणि टेल्युरियम असते. म्हणजे बाजारात टेल्युरियमची मागणी कितीही वाढली तरी त्याचा पुरवठा तांब्याच्या उत्पादनाला बांधलेला राहतो, आणि जगभरात मिळून वर्षाला ते काही शे टनांच्या घरातच निघते.

त्याचा मोठा वाटा आज सौर पटलांकडे जातो. अंतर थेट असल्यामुळे कॅडमियम टेल्युराइडचा दोन-तीन मायक्रॉन जाडीचा थर सूर्यप्रकाश शोषून घेण्यास पुरतो, तर सिलिकॉनच्या चकतीची जाडी शंभर मायक्रॉनहून अधिक ठेवावी लागते. एक चौरस मीटर काचेवर तीन मायक्रॉनचा थर चढवायला सुमारे साडेसतरा ग्रॅम कॅडमियम टेल्युराइड पुरते आणि त्यात टेल्युरियम साधारण नऊ ग्रॅम असते. थर चढवण्याची रीतही सोपी आहे. हा पदार्थ तापवला की त्याची वाफ होते आणि त्या वाफेतले कॅडमियम व टेल्युरियम थंड काचेवर पुन्हा एकास एक याच प्रमाणात जमतात. प्रमाण राखण्यासाठी वेगळा खटाटोप करावा लागत नाही. त्याचे १.५ च्या आसपासचे ऊर्जा-अंतर सूर्यप्रकाशासाठी आदर्श मानल्या जाणाऱ्या मूल्याच्या जवळ आहे, आणि प्रयोगशाळेतल्या घटांनी २२ टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता गाठली आहे. अशा पटलांची आघाडीची उत्पादक असलेल्या फर्स्ट सोलर या अमेरिकी कंपनीचा वर्षाला ३.३ गिगावॉट क्षमतेचा कारखाना जानेवारी २०२४ मध्ये तामिळनाडूत सुरू झाला. गॅलियम आर्सेनाइडचे सौर घट याहून कार्यक्षम, एकेरी घटात २९ टक्क्यांपर्यंत पोहोचणारे, पण इतके महाग असतात की ते मुख्यतः अवकाशयानांवरच दिसतात. मंगळावरच्या स्पिरिट आणि ऑपर्च्युनिटी या बग्ग्यांना वीज देणाऱ्या तिहेरी घटांत मधला थर गॅलियम आर्सेनाइडचाच होता.

प्रमाण बदलून घडवलेला डोळा

ऊर्जा-अंतर निवडण्याची सवलत सर्वाधिक ताणून वापरली गेली आहे ती मर्क्युरी कॅडमियम टेल्युराइड या मिश्रणात. कॅडमियम टेल्युराइडला १.५ चे अंतर आहे आणि पाऱ्याच्या टेल्युराइडला अंतरच नाही, ते धातूच्या बाजूला झुकलेले आहे; दोघांच्या अणूंमधले अंतर मात्र इतके सारखे आहे की ते कोणत्याही प्रमाणात एकमेकांत मिसळतात. १९५९ साली इंग्लंडमधल्या माल्व्हर्न येथील शाही रडार संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हे मिश्रण प्रसिद्ध केले. त्यात कॅडमियमचा वाटा तीन-दशांश ठेवला तर तीन ते पाच मायक्रॉनचा आणि एक-पंचमांश ठेवला तर आठ ते चौदा मायक्रॉनचा अवरक्त प्रकाश टिपणारा संवेदक तयार होतो. अंतर इतके कमी असले की स्फटिकाची स्वतःची उष्णताच इलेक्ट्रॉनांना वर चढवू लागते आणि खऱ्या संदेशाचा खोट्या संदेशात लोप होतो, म्हणून असे संवेदक अतिशय थंड ठेवावे लागतात.

भारताशी या पदार्थाचा संबंध चंद्राच्या निमित्ताने आला. २२ ऑक्टोबर २००८ रोजी निघालेल्या चांद्रयान-१ वर नासाचे एम-थ्री हे उपकरण होते आणि त्याचा संवेदक ०.४३ ते ३ मायक्रॉनपर्यंत पाहणारा मर्क्युरी कॅडमियम टेल्युराइडचा होता. चंद्रावरून परावर्तित होणाऱ्या सूर्यप्रकाशात २.८ ते ३ मायक्रॉनच्या पट्ट्यात त्याला जी तूट आढळली, ती हायड्रॉक्सिलची आणि पाण्याची खूण होती; २००९ च्या सप्टेंबरमध्ये जाहीर झालेल्या या निष्कर्षाने चंद्र पूर्णपणे कोरडा असल्याची समजूत मोडली. सिलिकॉनचा संवेदक १.१ मायक्रॉनला आंधळा होत असल्याने त्याला ही तूट दिसणे शक्यच नव्हते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बनवलेले आणि २०१३ साली लडाखमधल्या हानले येथील हिमालयन चंद्र दुर्बिणीवर बसवलेले टर्स्पेक हे उपकरणही याच मिश्रणाच्या संवेदकाने तारे पाहते. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीत तर ही दोन्ही मूलद्रव्ये एकत्र नांदतात: ०.६ ते ५ मायक्रॉनचा प्रकाश टेल्युरियमच्या या संयुगाने टिपला जातो आणि त्यापुढचा, २८ मायक्रॉनपर्यंतचा, आर्सेनिकचे अणू मुद्दाम पेरलेल्या सिलिकॉनने. तिथे प्रकाश सिलिकॉनच्या बंधांतून नव्हे, तर आर्सेनिकच्या सैलसर धरलेल्या पाचव्या इलेक्ट्रॉनला मोकळे करून नोंदवला जातो, आणि त्यासाठी तो भाग निरपेक्ष शून्यापासून अवघ्या सात अंशांवर ठेवलेला असतो.

क्ष-किरणांसाठी जड अणू

अवरक्तासाठी अंतर कमी लागते; क्ष-किरणांसाठी त्याच्या उलट. क्ष-किरण अडवायला अणू जड हवेत, आणि कॅडमियम व टेल्युरियम सिलिकॉनपेक्षा कितीतरी जड आहेत. जर्मेनियमही चालतो, पण त्याचे अंतर कमी असल्याने त्याला द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानापर्यंत न्यावे लागते. कॅडमियम टेल्युराइडमध्ये सुमारे दहा टक्के जस्त मिसळले की अंतर थोडे वाढते, विद्युत्‌रोध प्रचंड होतो आणि थंड करण्याची फारशी गरज न उरता शांतपणे काम करणारा संवेदक मिळतो. इस्पितळांत हृदयाची तपासणी करणाऱ्या काही नव्या गॅमा कॅमेऱ्यांत तोच बसवतात.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी इस्रोने सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट या उपग्रहावर याच पदार्थाचे एक उपकरण आहे, ज्याला सीझेडटीआय असे संक्षिप्त नाव आहे. त्याच्या बांधणीत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा पुढाकार होता आणि त्याच्याकडून येणाऱ्या माहितीवर पुण्याच्या आयुकातल्या केंद्रात प्रक्रिया होते. त्यात सुमारे चार सेंटिमीटर लांब-रुंद आणि पाच मिलिमीटर जाड असे ६४ तुकडे आहेत आणि प्रत्येक तुकडा २५६ चौकोनांत विभागलेला असल्याने एकूण १६,३८४ चौकोन स्वतंत्रपणे मोजणी करतात. १०० किलो-इलेक्ट्रॉन व्होल्टचा एक क्ष-किरण फोटॉन आत थांबला, की दर साडेचार-पावणेपाच इलेक्ट्रॉन व्होल्टांमागे एक याप्रमाणे सुमारे २१ ते २२ हजार इलेक्ट्रॉन सुटे होतात. तुकड्यावर लावलेल्या विद्युत्‌दाबाने ते एका बाजूला ओढले जातात आणि त्यांची संख्या मोजली की फोटॉनची ऊर्जा कळते. क्ष-किरण भिंगाने सहज एकवटता येत नाहीत, म्हणून वर टँटलम धातूची ठरावीक नक्षीने भोके पाडलेली पत्री बसवली आहे. स्रोताच्या दिशेनुसार तिची सावली सरकते आणि सावलीवरून दिशा काढली जाते. उपकरण सुरू झाले त्याच दिवशी, ६ ऑक्टोबर २०१५ रोजी, त्याने एक गॅमा-किरण स्फोट टिपला.

या उपकरणाची खरी किमया पुढे दिसली. १०० किलो-इलेक्ट्रॉन व्होल्टहून अधिक ऊर्जेचा फोटॉन कधीकधी एका चौकोनात इलेक्ट्रॉनवर आदळून दिशा बदलतो आणि शेजारच्या चौकोनात शोषला जातो; दोन चौकोनांत एकाच क्षणी नोंद झाली, की फोटॉन कोणत्या बाजूला वळला ते समजते. प्रकाशाची कंपने एका ठरावीक प्रतलात होत असतील, म्हणजे प्रकाश ध्रुवित असेल, तर अशा वळणांची संख्या सगळ्या दिशांना सारखी राहत नाही. या युक्तीने खेकडा तेजोमेघातल्या स्पंदकाच्या कठोर क्ष-किरणांचे ध्रुवण मोजले गेले आणि ते स्पंदकाच्या फेऱ्याबरोबर कसे बदलते हे २०१७ साली प्रसिद्ध झाले. संवेदक बारीक चौकोनांत विभागलेला आणि मोठ्या ऊर्जेच्या फोटॉनांना आतच थांबवण्याइतका जड व जाड नसता, तर हे मोजमाप जमले नसते.

उष्णतेपासून वीज, विजेपासून थंडावा

वायरीचे एक टोक तापवले आणि दुसरे थंड ठेवले तर गरम बाजूचे इलेक्ट्रॉन थंड बाजूकडे सरकतात आणि थोडा विद्युत्‌दाब निर्माण होतो. याचा उपयोग करायचा तर असा पदार्थ हवा जो वीज चांगली वाहील आणि उष्णता मात्र वाहू देणार नाही, आणि या दोन गोष्टी एकत्र मिळणे कठीण असते, कारण धातूंत तेच इलेक्ट्रॉन दोन्ही वाहतात. बिस्मथ टेल्युराइडमध्ये अणू जड आहेत आणि टेल्युरियम, बिस्मथ, टेल्युरियम, बिस्मथ, टेल्युरियम अशा पाचपाचांच्या थरांत रचलेले आहेत. एका पंचकाची दुसऱ्याशी पकड इतकी सैल असते की स्फटिक नखानेही सोलता येतो. उष्णता वाहून नेणारी कंपने अशा रचनेत लवकर विखुरतात, इलेक्ट्रॉन मात्र थरांमधून बऱ्यापैकी फिरू शकतात. १९५४ साली इंग्लंडमध्ये गोल्डस्मिड आणि डग्लस यांनी या पदार्थातून वीज सोडून एक बाजू थंड करून दाखवली. कॉम्प्रेसर नसलेले छोटे शीतपेटारे आणि प्रकाशतंतूंच्या जाळ्यांतल्या लेसरांचे तापमान स्थिर राखणाऱ्या पट्ट्या आजही याच पदार्थाच्या असतात.

अधिक तापमानाला शिशाचे टेल्युराइड उपयोगी पडते. मंगळावरच्या क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हिअरन्स या बग्ग्यांमध्ये प्लुटोनियमपासून सतत सुमारे २,००० वॉट उष्णता निघत असते आणि शिशाचे टेल्युराइड व टेल्युरियम, चांदी, जर्मेनियम, अँटिमनी यांचे मिश्रण यांच्या जोड्या तिच्यातून प्रक्षेपणाच्या वेळी सुमारे ११० वॉट वीज काढत होत्या. कार्यक्षमता तुटपुंजी आहे, पण यंत्रात एकही हलणारा भाग नाही, आणि धुळीने माखणाऱ्या ग्रहावर हाच गुण मोलाचा ठरतो.

काचेचा स्मृतिकोश

आर्सेनिक आणि टेल्युरियम एकाच पदार्थात मुख्य घटक म्हणून एकत्र आले ते स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की या स्वयंशिक्षित अमेरिकी संशोधकाच्या प्रयोगात. १९६८ साली त्यांनी ४८ टक्के टेल्युरियम, ३० टक्के आर्सेनिक आणि उरलेले सिलिकॉन व जर्मेनियम अशा काचेवर विद्युत्‌दाब वाढवत नेला, तेव्हा ठरावीक मर्यादेनंतर ती काच एकदम वीज वाहू लागली आणि ही क्रिया पुन्हा पुन्हा करता आली. या शोधाच्या परंपरेतूनच जर्मेनियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांचे मिश्रण पुढे आले. ते क्षणभर वितळवून झटकन थंड केले की अणू अस्ताव्यस्त अवस्थेतच गोठतात आणि प्रकाश कमी परावर्तित होतो. थोडे कमी पण जास्त वेळ तापवले की अणू ओळीत येतात आणि परावर्तन वाढते. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडीवर शून्य आणि एक हे याच दोन अवस्थांनी लिहिले जात.

विष आणि पुरवठा

बंगालच्या त्रिभुज प्रदेशातल्या नलिकाविहिरींच्या पाण्यात मिसळलेल्या आर्सेनिकने लाखो लोकांच्या आरोग्याची हानी केली आहे, त्यामुळे हे मूलद्रव्य मोबाइलमध्ये असते हे वाचून भीती वाटणे स्वाभाविक आहे. चिपमध्ये बंदिस्त असलेल्या गॅलियम आर्सेनाइडच्या सूक्ष्म तुकड्यापासून वापरणाऱ्याला धोका नाही. धोका आहे तो कारखान्यात, जिथे थर वाढवण्यासाठी आर्साइन हा अत्यंत विषारी वायू वापरतात आणि चकत्या कापताना, घासताना धूळ उडते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने गॅलियम आर्सेनाइडला माणसांत कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलेले आहे, आणि मोबाइल कसाही मोडून जाळणाऱ्या असंघटित भंगार व्यवसायात ही गोष्ट पुरेशी गांभीर्याने घेतली जात नाही, हे चिंताजनक आहे. टेल्युरियमची विषबाधा वेगळ्या तऱ्हेने ओळखू येते: अत्यल्प मात्रा शरीरात गेली तरी तिचे एक उडनशील संयुग बनून कामगाराच्या श्वासाला लसणासारखा वास येतो आणि तो कित्येक दिवस जात नाही.

पुरवठ्याची अडचणही तितकीच खरी आहे. गॅलियम ॲल्युमिनियमच्या आणि टेल्युरियम तांब्याच्या शुद्धीकरणातून उपपदार्थ म्हणून निघते, आणि दोन्हींच्या उत्पादनात चीनचा वाटा सर्वांत मोठा आहे. चीनने गॅलियमच्या निर्यातीवर २०२३ साली आणि टेल्युरियमच्या निर्यातीवर २०२५ साली नियंत्रण आणले. त्यामुळे कॅडमियम टेल्युराइडच्या निकामी पटलांची काच चुरून, थर आम्लात विरघळवून कॅडमियम व टेल्युरियम वेगळे काढण्याचे काम आता केवळ विषारी कचरा आवरण्यासाठी केले जात नाही. या प्रक्रियेत थरातला नव्वद टक्क्यांहून अधिक अर्धवाहक पदार्थ परत मिळतो आणि नव्या पटलांसाठी वापरता येतो.